दाण्याएवढ्या लहरी ऐकणारी पेटी

मित्रांनो, तोंडाला पितळी नरसाळं आणि कपाळावर थरथरता काटा असलेली ही जुनी पेटी म्हणजे मी. १९८३ साली मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या जनाताईंनी मला स्वतःच्या हातांनी जोडलं. रेडिओच्या लहरी तुम्हांला ठाऊकच आहेत. पण मी ऐकायची त्या लहरी फार बारीक, तांदळाच्या दाण्याएवढ्या! शहरातल्या गल्लीत पुढे जाता जाता त्या किती क्षीण होतात, हे मोजणं माझं काम.

मुंबईतला रस्ता आमच्यासाठी कोण रिकामा ठेवणार? म्हणून ताईंनी माहेरची, कर्जतच्या बाजारातली अरुंद गल्ली निवडली. लहरी सोडणारं यंत्र मात्र उसनं होतं. दुपारच्या गाडीनं ते परत जायचं होतं. तोवर मोजणी झाली नाही, तर ताईंची दोन वर्षांची मेहनत अर्धवट राहणार होती!

ते यंत्र गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं आणि मी बाजारातल्या गजा हमालाच्या हातगाडीवर चढले. दहा पावलं, वीस पावलं... काटा हळूहळू उतरत होता. मध्येच एखादी लहर भिंतीवर आपटून माझ्याकडे यायची आणि काटा टुणकन उडायचा. काय मजा येत होती!

पन्नास पावलांवर ताई गल्लीच्या तोंडाशी ठेवलेलं यंत्र बघायला गेल्या. तेवढ्यात त्यांची आत्या मोतीबाई ताट घेऊन आली.

"नवं यंतर हाय, आनि पूजा नाय केली? कसं रं तुमी!"

तिनं मला हळदकुंकू वाहिलं आणि पाण्यात भिजवलेल्या झेंडूचा भरगच्च हार नरसाळ्यावर चढवला. मला भरून आलं. पण कानात बोळे बसावेत तसं झालं. काटा थेट शून्यावर!

ताई धावत आल्या. हाराकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"जळली वाटतं गं पेटी!" त्यांनी घाईघाईनं पेचकस काढला. माझं पोट उघडलं असतं, तर आतली जुळणी हलून सकाळचे सगळे आकडे फुकट गेले असते.

"थांबा ताई, फुलांचं पानी आत जाईल," म्हणत गजानं हार उचलला. काटा ताडकन उठला!

ताईंनी पेचकस खाली ठेवला. मग ओरडल्या, "आत्या, घाल तो हार परत!"

"काढा काय, घाला काय! देवाची थट्टा हाय का गं?"

"अगं, तुझ्या ओल्या फुलांनी लहर गिळली! किती गिळली, तेही मोजू!"

मग काय! हार घाल, काढ, पुन्हा घाल. मोतीबाईच्या हातांनी मोजणी झाली. पुढे वळणावर, लहरींना वळता न आल्यानं, काटा कसा धाडकन कोसळला, तेही वहीत उतरलं. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना गजानं उसनं यंत्र डब्यात चढवलं.

आता मी कॉलेजच्या कपाटात आहे. मुलं माझ्या नरसाळ्यात कागद कोंबतात. मित्रांनो, तेवढं करू नका. आणि एखादं यंत्र अचानक गप्प झालं, तर त्याचं पोट उघडण्याआधी त्याच्या तोंडापुढे काय आलंय, ते एकदा बघा.