शुगर पाडणाऱ्या घरातला गुळाचा डबा

मित्रांनो, मी गुळाचा डबा आहे. जुना, पितळी आणि खरे सांगायचे तर मत्सरी. जुनेपणा आणि पितळ तुम्हाला पाहताच कळेल. मत्सराचे मात्र मलाच सांगावे लागेल, कारण तो वगळला तर पुढची हकीकत अर्धी राहील.

कोल्हापुरातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. आतून कल्हई, वर घट्ट बसणारे झाकण, झाकणाला कडी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी चिमणाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामाने मला आंदण दिले. पोटावर नाव कोरून घेतले : सौ. चिमणाबाई आकाराम. आकाराम म्हणजे त्यांचे यजमान. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि तालमीतले पैलवानही.

त्या काळात स्वयंपाकघरात माझा मान पहिला होता. दारात पावणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर माझे झाकण उघडायचे. आप्पांनी जत्रेत कुस्ती मारली, मुलगी स्नेहल दहावी पास झाली, शेजारची म्हैस व्याली, प्रत्येक वेळी माझ्यातलाच गूळ गल्लीत फिरला. बाजारातून नवी ढेप आली की चिमणाबाई ती फोडून आधी मला भरत, उरलेला गूळ मग इतर डब्यांत जाई. मिठाची बरणी आणि मसाल्याचा डबा माझ्याकडे कसे पाहत असतील, याचा विचार मी कधी केला नाही. मान मिळत असतो तेव्हा तो कोणी करत नाही.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना मधुमेह निघाला. वय एकाहत्तर. पन्हाळ्याला नोकरी करणारी स्नेहल रविवारी आली आणि दोन कामे करून गेली. घरातली साखर तिने मोलकरणीला देऊन टाकली, आणि निळ्या चेनच्या पिशवीतून एक मशीन काढून आईच्या हातात ठेवले. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की ते पींऽ करून आकडा दाखवते.

"दोनशेच्या वर गेली की मला फोन कर," ती म्हणाली.

खालचा आकडा तिने सांगितला नाही, आणि कोणी विचारलाही नाही. मशीनबरोबर माहितीच्या कागदाची एक घडी होती. ती पिशवीच्या आतल्या खणात घडीची घडीच राहिली.

मला चिमणाबाईंनी सर्वांत वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवले. पोटात पावण्यांपुरता गूळ होता. आप्पा चोरून खडा तोंडात टाकतात म्हणून माझे झाकण त्यांनी तळहाताने दाबून दाबून बसवले. तिथून मला खालचे सगळे दिसत असे. रोज सकाळी घरातली दोन्ही माणसे त्या मशीनच्या तोंडाकडे डोळे लावून बसत. त्याला मऊ फडक्याने पुसत. त्याच्या पट्ट्या संपत आल्या की घरात धावपळ होई. माझ्यातला गूळ संपला का, हे सहा सहा महिने कोणी पाहत नव्हते. पंचेचाळीस वर्षांत मी कधी पींऽ केले नाही. केले असते तर बरे झाले असते, असे मला वाटू लागले. त्याचा आकडा चुकावा, ते फळीवरून पडावे, त्याच्या बॅटरीने दगा द्यावा, अशी इच्छा मी मनात धरली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता या घरात झालेली चूक सांगतो. ती फक्त आमच्या तालमींच्या गावातच होऊ शकते.

आप्पांचे मित्र हंबीरराव दोन घरे सोडून राहतात. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आप्पांच्याच तालमीतले आणि मधुमेहही सारखाच. दोघे रोज रंकाळा तलावावर फिरायला जात. तिथे साखर कमी झाली असे कोणी म्हणत नसे. शुगर 'पाडली' म्हणत. जणू समोर जोडीदार उभा आहे आणि त्याला ढाकेचा डाव टाकून खाली घ्यायचा आहे.

"किती आली रं?" हंबीरराव विचारत.

"एकशे बारा."

"मी शंभरावर आणलीया. तुला अजून पाडता येत न्हाय."

आप्पांना ते लागले. रात्रीच्या दोन भाकरी एकीवर आल्या, मग अर्धीवर. सकाळची न्याहारी बंद झाली. गोळी मात्र रोज आठच्या ठोक्याला. रंकाळ्याची एक फेरी होती तिथे दोन झाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आप्पा रोजचा आकडा लिहीत. शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी. प्रत्येक उतरत्या आकड्याला चिमणाबाई मशीनला कौतुकाने म्हणत, "गुणाचं गं बाई माझं." माझ्या अंगावर कोळ्याने जाळे विणले होते.

याच दिवसांत आप्पा चिडके झाले. अकराच्या सुमाराला त्यांचे हात थरथरत, कपाळावर घाम येई. एकदा आमटीत मीठ नाही म्हणून त्यांनी ताटली सरकवून दिली. मीठ होते.

"म्हातारपण आलंया, दुसरं काय," चिमणाबाई शेजारणीला म्हणाल्या.

ऑक्टोबरातला मंगळवार. सकाळी आठ वाजता आप्पांनी बिनसाखरेच्या कोऱ्या चहाबरोबर गोळी घेतली. पोटात आदल्या रात्रीची अर्धी भाकरी. दोन फेऱ्या मारून ते दहा चाळीसला परत आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या बाजेवर बसले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते सदऱ्याची बटणे लावू लागले. एकही बटण आपल्या काजात गेले नाही.

"माझा लंगोट कुठं ठेवलाईस?" त्यांनी विचारले.

"लंगोट?" चिमणाबाई हसल्या. "आता कुणासंगं कुस्ती धरताय?"

"जोड लागलीया. माणसं खोळंबल्यात."

"चेष्टा पुरं. बोट द्या हिकडं."

त्यांनी बोट टोचले, पट्टी लावली. मशीनने पींऽ केले. चिमणाबाईंनी चष्मा वर करून पुन्हा पाहिले. अठ्ठेचाळीस.

मित्रांनो, त्यांचा चेहरा उजळला. तीन वर्षांत इतका खालचा आकडा कधी आला नव्हता. त्यांनी मशीन पदराने पुसले आणि पहिला फोन हंबीररावांना लावला.

"भावजी, अठ्ठेचाळीस. आता बोला."

"हुईत न्हाय," पलीकडून आवाज आला. "मशीन बिघडलंया तुमचं. थांबा, माझं घिऊन येतो."

हंबीरराव पाच मिनिटांत आले. मित्राच्या काळजीने नव्हे. आकडा खोटा ठरवायला आले. मला ते तेव्हाच कळले, कारण तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. वरच्या फळीवर माझाही तोच होता. त्यांनी स्वतःच्या मशीनची पट्टी लावली.

चव्वेचाळीस.

हंबीररावांनी मशीन खाली ठेवले. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो ओला झालेला पाहिला.

"वैनी, ह्याची बनेल बघा. पिळून काढावी अशी भिजलीया. आकाराम, मला वळखतोस न्हवं?"

"पंच हाय न्हवं तू," आप्पा म्हणाले. जीभ जड झाली होती.

"स्नेहलला फोन लावा," हंबीरराव म्हणाले. आवाजातला टोमणा गेला होता.

स्नेहलने पहिल्याच घंटीला फोन उचलला आणि हंबीररावांनी तो स्पीकरवर टाकला. चिमणाबाईंनी आकडा सांगितला, तेव्हाही सुरुवात "चांगली बातमी हाय" अशीच केली.

"आई, ही चांगली बातमी नाही. गोड दे त्यांना. आत्ता."

"अगं, शुगर हाय त्यास्नी. गोड कसं दिऊ?"

"शुगर नाही आई, शुगर संपलीय. गोळीनं फार खाली नेलीय. साखर दे."

"साखरंचा दाणा न्हाय घरात. तूच दिऊन टाकलीस की."

मग स्नेहल म्हणाली, "गूळ?"

दोघांनी माना वर केल्या आणि माझ्याकडे पाहिले.

या क्षणाची मी तीन वर्षे वाट पाहिली होती. मला आनंद झाला. खाली एक माणूस घामाने निथळत होता आणि मी त्या निळ्या पिशवीकडे पाहून म्हणत होतो, आता बोल. हंबीररावांनी बरण्या बाजूला सारून मला खाली घेतले आणि झाकणाची कडी ओढली.

झाकण हलले नाही.

पावसाळ्यात माझ्या पोटातला गूळ पाझरला होता. तो काठापर्यंत चढून झाकणाच्या खाचेत वाळला होता. हंबीररावांनी मला मांडीत धरले, पिळले, फरशीवर आपटले. बाहत्तर वर्षांचे पैलवानी मनगट, तरी उपयोग होईना. बाजेवर आप्पांची मान छातीवर आली. चिमणाबाई त्यांना हलवत होत्या, "आवं, माझ्याकडं बघा की, आवं." तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला. घरात गोड म्हणून एवढेच होते, ते माझ्या पोटात होते आणि ते मला देता येत नव्हते. मशीनने निदान त्याचे काम केले होते.

"वरवंटा द्या," हंबीरराव म्हणाले.

पहिला घाव झाकणाच्या काठावर बसला, दुसरा पोटावर कोरलेल्या नावावर. तिसऱ्या घावाला झाकण उडाले आणि मोरीपर्यंत घरंगळत गेले.

फोनवर स्नेहल एकेक सांगत होती. "खडा तोंडात कोंबू नका, घशात अडकेल. पाण्यात विरघळवा. आप्पा गिळतायत का ते आधी बघा. घोटभर पाणी द्या."

चिमणाबाईंनी पाण्याचा घोट दिला. आप्पांनी तो गिळला. मग अर्धा पेला दाट गुळाचे पाणी, घोट घोट करून. घड्याळात अकरा वाजून एकतीस झाले होते. स्नेहलने पंधरा मिनिटे मोजायला सांगितली. ती पंधरा मिनिटे चिमणाबाई आणि हंबीरराव या दोघांपैकी कोणी बसले नाही.

अकरा सेहेचाळीसला मशीनने त्रेसष्ट दाखवले.

"अजून अर्धा पेला," स्नेहल म्हणाली.

बारा वाजून दोन मिनिटांनी ब्याण्णव. आप्पांनी मान वर केली, तिरप्या बटणांकडे पाहिले आणि विचारले, "ह्यो हंबीऱ्या माझ्या घरात काय करतोय?"

चिमणाबाई खाली बसल्या आणि पदर तोंडावर घेतला. हंबीररावांनी आप्पांना भाकरी आणि आमटी समोर बसून खायला लावली आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आप्पांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतले. या गोळीचा जोर लवकर ओसरत नाही, साखर पुन्हा उतरू शकते, असे त्या म्हणाल्या. त्यांनी गोळी निम्मी केली, न्याहारी सक्तीची केली. "शुद्ध नसती तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा," हेही बजावले. आणि जाता जाता, माझा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या की गूळ चालला, पण साखर किंवा ग्लुकोजची पूड त्याहून सोपी. पटकन विरघळते आणि मोजून देता येते.

त्यामुळे मला नवा प्रतिस्पर्धी मिळाला. मशीनच्या शेजारी आता ग्लुकोजच्या पुडीची बरणी असते, तिचे झाकण एका बोटाने निघते. मी मधल्या फळीवर आलो आहे, पोचे आलेल्या पोटासह. चिमणाबाई दर सोमवारी माझे झाकण काढून काठ पुसतात. मत्सर गेला म्हणाल तर नाही. पण किती गूळ पुरे झाला हे मला कधीच सांगता आले नसते. ते त्या मशीनने सांगितले. एवढे मी मान्य करतो.

कॅलेंडरशेजारी स्नेहलने लाल शाईने लिहिले आहे : सत्तरच्या खाली, आधी गोड, मग फोन, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. परवा हंबीरराव ते वाचून म्हणाले, "आकाराम, शेवटी तूच जिकलास गड्या. चव्वेचाळीस."

"लई खाली गेल्यावर पाठ आपलीच लागती, लेका," आप्पा म्हणाले. आणि पोह्यांची ताटली पुढे ओढली.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना मधुमेह असेल तर घरातल्या गोडाच्या डब्याचे झाकण आज एकदा उघडून पाहा. ते घामाघूम झाले, थरथरले, विनाकारण रागावले, भलतेच बोलू लागले, तर वयाला दोष देऊन मोकळे होऊ नका. आधी साखर तपासा. आणि एखाद्या सकाळी आकडा फारच खाली आला, तर टाळी वाजवण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "काही खाल्लंत का?" मशीनला हा प्रश्न विचारता येत नाही, आणि मलाही नाही.