तेलाच्या डब्याची घार

उद्धवरावांनी सगळी नोकरी चाकणच्या कंपनीत प्रेसवर काढली होती. पेडल दाबलं की जाड पत्र्याचा तुकडा धाडकन बाहेर. त्यामुळे तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा म्हणजे आपल्यापुढे पापड, असं त्यांना वाटलं. पापडानं पहिल्याच फटक्यात अंगठा कापला.

त्यांना कापायची होती कबुतरांना भिववायला घार. चिंचवडच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी कुंडीत गवती चहा लावला होता. बाई गेल्या, गॅलरीत कोणी फिरकेना, आणि कबुतरांनी कुंडीतच संसार मांडला. भरगच्च ठोंबाची चार पाती उरली. बाईंच्या हातची घरात तेवढीच जिवंत वस्तू होती. ती उद्धवराव कबुतरांना देणार नव्हते.

शेजारचे अन्वरभाई गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचे. त्यांनी कापलेली कड पाहिली.

"राव, हे कात्रीनं कापलंत की दातानं?"

"कात्रीनं. तुमच्याच."

"मग तिची माफी मागा."

त्यांनी दुसरा डबा उलगडला, लाकडी हातोडीनं सपाट केला, उद्धवरावांच्या हातात मोजे चढवले. "कात्री पुरती मिटायची नाही. मिटली की कडेला दात पडतो. जरा उघडी असतानाच पुढं सरकायचं. आधी लांबून कापा, मग रेषेवर या. आणि वळणावर कात्री नाही, पत्रा फिरवा."

उद्धवरावांनी पत्रा फिरवला. कापलेली पट्टी चकलीसारखी वळत खाली पडली. त्यांना एकदम मजा वाटली. मुद्दाम आणखी एक पट्टी काढली. मग कानस मारली, तेव्हा कड ताटाच्या काठासारखी गुळगुळीत झाली.

चित्र मात्र उद्धवरावांचं होतं.

"कोंबडी छान झाली," अन्वरभाईंच्या घरून चहा घेऊन आलेल्या शमीमभाभी म्हणाल्या.

"घार आहे ती."

"असं का? पोटावर शेंगदाणा तेल लिहिलंय."

"तळून आलीय," अन्वरभाई म्हणाले.

घार दोरीनं टांगली. एक कबूतर आलं, मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं आणि तिच्याच पाठीवर बसलं. वारा आला, घार फिरली, कबूतरही फिरलं. दुसरं कबूतर कठड्यावर येऊन आपली पाळी येईल म्हणून थांबलं. अन्वरभाई हसत खाली फरशीवर बसले. उद्धवरावांनाही हसू फुटलं. बाई गेल्यापासून तो आवाज घरात उमटला नव्हता. इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले, आणि दोन्ही कबुतरं उडाली.

"बघा," भाभी म्हणाल्या, "घारीला नाही, तुम्हाला भ्याली."

दुसऱ्या दिवशी उद्धवराव नवा डबा घेऊन गॅलरीत बसले. ते बसलेले असेपर्यंत कबूतर आलं नाही. मग रोजच बसायला लागले. एक घुबड झालं, ते फणसासारखं दिसायचं. मग मांजर कापलं, ते बादलीवर गेलं. कडा सगळ्यांच्या झकास, ओळख एकाचीही पटेना. आणि कुंडीत पात्यांची गर्दी होऊ लागली.

एका संध्याकाळी शमीमभाभी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आल्या. पहिल्या पात्यांचा चहा करायचा ठरला होता.

"थांबा भाभी," उद्धवराव म्हणाले. "कात्री पुरती मिटू नका."

"भाऊ, गवत आहे हे."

"असू द्या. कडेला दात पडतो."

अन्वरभाई पुन्हा फरशीवर बसले. भाभींनी नाक मुरडलं, पण कात्री जरा उघडी ठेवूनच पातं कापलं. उद्धवरावांनी ते उचलून कडेवर बोट फिरवलं, आणि पास केलं.