उंच चेंडू

नर्सने कात्रीने जर्सीची बाही उभी कापली, तरी यतीन काही बोलला नाही. त्याच्या बायकोला, नीनाला, नवल वाटलं. ती जर्सी त्याने आजवर कुणाला धुऊसुद्धा दिली नव्हती.

दोन हजार साली तो एडिनबराला आला, तेव्हा ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन मुलांनी त्यांच्या देशातल्या फुटबॉलचा क्लब नुकताच काढला होता. लांबट चेंडू, ना हेल्मेट ना पॅड, आणि उंच चेंडू झेलायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून चढायचं. त्यांना माणसं कमी पडत होती. सांगलीत खो-खो खेळलेला यतीन हुलकावण्या पटकन शिकला, मग चढायलाही. क्लबच्या पहिल्या संघात एक मराठी नाव आहे, हे एडिनबरातले मराठी लोक कौतुकाने सांगत.

आज तसाच चढला आणि डोक्यावर पडला.

मानेच्या मणक्याला बारीक तडा होता. तो भरून येईल, हातपाय शाबूत आहेत, डॉक्टरांनी नीनाला बाजूला घेऊन सांगितलं. खेळ मात्र बंद.

"मीच सांगते त्याला," ती म्हणाली.

आत येऊन तिने त्याचा हात धरला.

"यतीन, तू बरा होशील. पण आता खेळायचं नाही."

"हा सीझन?"

"कधीच नाही."

"नक्की तसंच म्हणाले?"

"नक्की."

त्याची आवळलेली बोटं तिच्या हातात सैल पडली.

तेवढ्यात कॅप्टन चिखलाच्या बुटांनिशी आला. यतीनची जागा कुणीच भरून काढू शकणार नाही, असं म्हणाला. यतीनने चेहरा पाडला आणि कॅप्टन जाईपर्यंत तसाच ठेवला.

"खेळणं कधीपासून नकोसं झालंय?" नीनाने विचारलं.

कॅप्टन गेल्याची त्याने खात्री करून घेतली.

"दोन वर्षं. चेंडू वर गेला की वाटायचं, माझ्याकडे येऊ नये."

"मग सोडायचंस ना!"

"कसं सोडणार? तू दर शनिवारी वाऱ्यापावसात येऊन उभी राहायचीस. सगळ्यांसाठी शंकरपाळे आणायचीस. म्हटलं, तुला केवढं आवडतं!"



"आवडतं? अरे, चेंडू वर गेला की मी पाठ फिरवून उभी राहायचे. आजसुद्धा तू पडलास ते मी पाहिलं नाही. नुसतं ऐकलं."

त्याचे खांदे हलू लागले.

"हसवू नकोस. दुखतंय."

पडद्यापलीकडून नर्सने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

"ठीक आहे," नीना म्हणाली. आपले हात किती गारठलेत, हे तिला आत्ता कुठे जाणवलं.