डावी बाजू

पंचशीला अकरा वर्षं डॉ. शिवदास म्हात्र्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. भाईंदर पश्चिमेला, राईकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरांचं छोटं हॉस्पिटल. सर मूळचे राईचेच. घरची भातशेती कधीच गेली, पण शेजारच्या मुर्धा गावच्या म्हाताऱ्या आल्या की अजून ते गावच्या बोलीत विचारायचे, "काय गो, बरी हाय ना?" त्यांच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. पंचशीलाही म्हणायची. म्हणून तर धाकट्या बहिणीला, राजश्रीला, तिने स्वतः त्यांच्याकडे आणलं.

राजश्री एकोणतीस वर्षांची. लग्नाला पाच वर्षं झालेली. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. पीसीओडी. अंडं पिकून बाहेरच पडत नव्हतं. वजन उतरवून झालं, सहा महिने गोळ्या घेऊन झाल्या. तिचा नवरा जीवन याचे रिपोर्ट चांगले होते. शेवटी सर म्हणाले, "दुर्बिणीतून ड्रिलिंग करू. दोन्ही ओव्हरींना चार-चार बारीक छिद्रं पाडायची, विजेच्या सुईने. पुष्कळ जणींना गुण येतो."

जिना उतरताना राजश्रीने विचारलं, "ताई, तू आत असशील ना?"

"मीच असणार."

एक गोष्ट पंचशीलाने बहिणीला सांगितली नाही. दिवाळीपासून सर अधूनमधून चुकत होते. एका बाईला तिचं नाव दोनदा विचारलं. टाके घालून झाल्यावर पुन्हा दोरा मागितला. एकदा हात धुऊन आले आणि दारातूनच परत जाऊन पुन्हा धुऊ लागले. वय झालंय, दमतात, असं ती स्वतःला समजावत होती. भूल द्यायला सरांची सून, डॉ. हेमांगी, असायची. तिलाही हे दिसत होतं. दोघींनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला, राजश्रीला टेबलावर घेतलं.

सगळं नेहमीसारखं सुरू झालं. बेंबीतून दुर्बीण गेली, स्क्रीनवर मोत्यासारखी पांढरट ओव्हरी दिसली. आधी उजवी. सर सुई टेकवत, पायाखालचं पेडल दाबत, आणि पंचशीला मोजत होती. एक, दोन, तीन, चार. मग डावी. पुन्हा चार. थोडा धूर झाला, तो काढला. सलाइनने धुतलं. पंचशीलाने टाक्यांचा ट्रे पुढे ओढला.

"आता डावी घेऊ," सर म्हणाले.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सर, डावी झाली."

"मोजायचं काम करा, सिस्टर. मला शिकवू नका."

तिने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी मॉनिटरकडे बघत होती. मॉनिटरवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. सरांनी पेडल दाबलं. स्क्रीनवर आधीच्या छिद्रांच्या मधली जागा तपकिरी होत गेली. या वेळी त्यांचा पाय पेडलवरून लवकर उठतही नव्हता. पंचशीलाच्या तोंडून आकडे निघत राहिले. पाच. सहा. सात. आठ.

"छान," सर म्हणाले. "सुंदर झालं."

फाइलमध्ये दोन्हीकडे चार-चार असं लिहिलं गेलं.

चौतिसाव्या दिवशी राजश्रीचा फोन आला. "ताई, आली! आपोआप आली, गोळीशिवाय!" ती रडत होती, हसत होती. तिने सरांसाठी पेढे पाठवले. पंचशीलाने तो डबा सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. कदाचित काही होणार नाही, असं ती रोज म्हणत होती. महिने जात होते.

जुलैमध्ये पाळी पुन्हा लांबली. राजश्रीने मीरा रोडला दुसऱ्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी करून घेतली आणि रिपोर्ट घेऊन थेट ताईच्या घरी आली.

"उजवी ठीक आहे म्हणतात. डावी आकसलीय. इतकीशी झालीय. त्या मॅडमनी विचारलं, किती ठिकाणी जाळलं होतं? मी म्हटलं, माझी बहीण होती आत, तिला विचारते."

पंचशीलाने सगळं सांगितलं. राजश्री एवढंच म्हणाली, "तू तिथे होतीस, ताई. हात का नाही धरलास त्यांचा?"

ती गेली. पंचशीलाने नंतर सात-आठदा फोन केला. तिने उचलला नाही.

पुढच्या मंगळवारी यादीत पुन्हा ड्रिलिंग होतं. मुर्ध्याची संपदा, चोवीस वर्षांची. टेबलावर पडून ती छताकडे बघत होती. हेमांगीने इंजेक्शन भरायला घेतलं, तशी पंचशीला तिच्याजवळ गेली.

"मॅडम, भूल देऊ नका."

हेमांगीचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "मला माहीत आहे. डिसेंबरमध्येच विसरण्याच्या आजाराच्या तपासण्या झाल्यात त्यांच्या. घरात सगळ्यांना माहीत आहे. हे काम बंद केलं तर बाबा उरतील का, सिस्टर?"

"डिसेंबरमध्ये?" पंचशीला म्हणाली. "आणि जानेवारीत तुम्ही माझ्या बहिणीला भूल दिलीत."

तेवढ्यात सर आत आले, धुतलेले हात वर धरून. पंचशीला ट्रेसमोर उभी राहिली.

"सर, मी सुई देणार नाही."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते मायेने हसले. "घाबरलीस होय गं? साहजिक आहे. स्वतःची बहीण टेबलावर असली की असंच होतं." त्यांनी संपदाकडे पाहिलं. "काळजी करू नको, राजश्री. ताई आहे तुझी इथे."

संपदा कोपर टेकून उठून बसली. हेमांगीने सिरिंज खाली ठेवली आणि सासऱ्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. ते विचारत होते, "काय झालं? काय राहिलं माझं?"

त्या दिवशी पंचशीलाने नोकरी सोडली. संध्याकाळी, राजश्रीला तक्रार करता यावी म्हणून, दोन पानी जबाब लिहून ती मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला तिच्या घरी गेली. दार जीवनने उघडलं. राजश्री जबाब उभ्यानेच वाचत होती. एका ओळीवर थांबली.

"'मी सरांना वारंवार सांगितले.' किती वेळा सांगितलंस?"

पंचशीला म्हणाली, "एकदा."

राजश्रीने टीव्हीजवळचं पेन उचलून तिच्यापुढे धरलं. पंचशीलाने 'वारंवार' खोडलं, वर 'एकदा' लिहिलं आणि खाली सही केली. राजश्रीने कागद सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर पिशवीत घातले आणि आत निघून गेली. जीवन पाण्याचा ग्लास घेऊन आला. तिला बसायला सांगावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.