साड्यांच्या बुडाला पासपोर्ट

मित्रांनो, मला घाबरट म्हणा, भित्री भागूबाई म्हणा, मी मुळीच रागावणार नाही. मी आहेच तशी. अंगाने दणकट, रंगाने लालसर तपकिरी आणि एक चाक गमावलेली अशी मी जुनी प्रवासाची बॅग. सध्या हिंजवडीतल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर असते. खाली कुणी नुसतं स्टूल सरकवलं तरी मी दचकते. आता मला कुठे नेतात देव जाणे, असं वाटतं. असं का होतं, तेच आज सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात मला दाबलं, कड्या ठोकल्या, कुलूप बसवलं आणि लगेच एका माणसाने मला उचलून उंचावरून खाली आपटलं! जन्मल्या जन्मल्या हे स्वागत. मी फुटले नाही म्हणून तो खूश झाला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पक्की आहे." ते माझं पहिलं कौतुक. पण त्या आपटण्याची धास्ती मनात बसली ती बसलीच.

त्या काळी दुकानांतून नवनवीन वस्तू दिसू लागल्या होत्या. मीही लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात झळकत उभी होते. एका सकाळी तिथे सर्जेराव आले. ते हिंजवडीचे शेतकरी. मंडईत भाजी उतरवून घरी निघाले होते, लेंग्याला मेथीची पानं चिकटलेली होती. त्यांनी मला घेतलं आणि टेम्पोत रिकाम्या पाट्यांशेजारी ठेवून घरी नेलं. त्यांच्या पत्नी सोजरबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि कॉटखाली सरकवलं.

नावाला मी प्रवासाची बॅग, पण कित्येक वर्षं मी कॉटखालीच काढली. सोजरबाईंचा कपाटावर भरवसा नव्हता. घरात जे जे मोलाचं असेल ते माझ्या पोटात जायचं. वर साड्यांची चळत आणि साड्यांच्या बुडाला जमिनीचे उतारे, मुलाच्या मार्कलिस्टा, डोरल्याची डबी. किल्ली त्यांच्या कमरेच्या चंचीत. "हिच्यातनं देवाला बी काय काढता यायचं न्हाय," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी फुगून जायचे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात निर्धास्त दिवस तेच.

पुढे हिंजवडी बघता बघता पालटली. शेतांतून रस्ते गेले, काचेच्या इमारती उठल्या, कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ते तुंबायला लागले. सर्जेरावांचा मुलगा रविराज इंजिनियर झाला आणि घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या एका कंपनीत लागला. आईवडिलांनी जन्मभर पुण्यापलीकडे पाऊल टाकलं नाही, म्हणून त्याने त्यांच्यासाठी सिंगापूरची बोटीची सहल ठरवली. गावभर सांगून झालं. शेजारच्या यमुनाबाईंनी तर पेढेही खाल्ले. आणि तेवढ्यात कंपनीने रविराजची अमेरिकेला जायची तारीख अलीकडे ओढली. तो दोन वर्षांसाठी जाणार होता, आणि ज्या दिवशी आईवडिलांची सहल संपणार त्याच दिवशी रात्री मुंबईहून त्याचं विमान होतं.

सोजरबाईंनी ऐकलं मात्र, मटकन खालीच बसल्या. "मला न्हाय जायाचं कुटं. प्वार जाताना मी त्याचं त्वांड बघायचं न्हाय व्हय?"

"आई, टेन्शन घेऊ नकोस," रविराज म्हणाला. "मी सगळं प्लॅन केलंय. सकाळी सिंगापूरला बोट लागणार, दुपारचं फ्लाइट, संध्याकाळी तुम्ही मुंबईत. मी एअरपोर्टवरच थांबतो. मस्त दोन तास मिळतात आपल्याला."

सहलीची व्यवस्था कोथरूडचे श्रीनिवास बघत होते. विमानाचं तिकीट बदलायला सगळे त्यांच्या ऑफिसात गेले. वाटेत रविराजला माझी चाकं दुरुस्तीवाल्याला दाखवून घ्यायची होती, म्हणून मीही बरोबर होते. श्रीनिवासांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"जहाज म्हणजे पीएमटीची बस नव्हे, की थांबली आणि उडी मारली. धक्क्याला लागलं तरी मजल्यामजल्याने उतरवतात. त्याच दिवशी विमान धरू नये, असं आम्ही सांगतो. ऐकायचं की नाही, हे आपण ठरवा."

"काका, जादा वेळेचा बफर ठेवलाय मी."

"बफर आपल्या संगणकात असेल. समुद्रात नसतो."

पण मुलाला भेटायचं तर दुसरा इलाजच नव्हता. तिकीट बदललं गेलं. श्रीनिवासांनी सिंगापूरला गाडीची सोय केली आणि बजावलं, "पासपोर्ट अंगावर ठेवा, वहिनी." सोजरबाईंनी मान हलवली. माझ्या मात्र कड्यांना तेव्हापासूनच कापरं भरलं होतं.

बोटीवरचे दिवस मजेत गेले, असं सगळे म्हणतात. मी खोलीत पलंगाखाली होते आणि जमीन हलत होती, एवढंच मला माहीत. सोजरबाई कप्तानाच्या जेवणाला लग्नातला शालू नेसून गेल्या. पासपोर्ट बोटीवाल्यांनी सुरुवातीलाच जमा करून घेतले होते. ते उतरायच्या आदल्या संध्याकाळी परत मिळाले. सोजरबाई खोलीत आल्या, मला उघडलं, साड्यांची चळत उचलली आणि दोन्ही पासपोर्ट खाली तळाशी सरकवले. वर साड्या, साड्यांवर शालू. कुलूप लावलं, किल्ली चंचीत.

"पासपोर्ट नीट ठिवलंस का?" सर्जेरावांनी विचारलं.

"तर वं! साड्यांच्या बुडाला."

दोघंही निश्चिंत झाले. हयातभर मोलाची चीज जिथे ठेवली, तिथेच ती ठेवली होती. त्यांचं काय चुकलं सांगा! दारावर इंग्रजीत सूचना लावलेली होती, की मोठ्या बॅगा जेवणानंतर दाराबाहेर ठेवा, त्या बोटीचे लोक खाली उतरवतील. शेजारच्यांनी ठेवल्या, म्हणून सर्जेरावांनीही मला बाहेर ठेवलं. मला हिरवी चिठ्ठी अडकवली होती. एक माणूस आला, त्याने मला गाड्यावर टाकलं आणि नेलं.

मित्रांनो, मी किती ओरडले म्हणून सांगू! अहो थांबा, माझ्या पोटात त्यांचे पासपोर्ट आहेत! पण बॅगेचं ओरडणं कुणाला ऐकू येतंय? गाडा खडखडत जात राहिला.

सकाळी मी बंदरावरच्या एका प्रचंड दालनात होते. तिथे बॅगाच बॅगा, आणि भिंतीवर मोठं घड्याळ. माणसं पासपोर्ट दाखवून आत यायची, आपापली बॅग ओळखायची आणि निघून जायची. म्हणजे माझ्यापर्यंत यायला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट माझ्याच पोटात. हे लक्षात आलं तेव्हा माझं कुलूप गार पडलं. एकेक बॅग उचलली जात होती. माझ्याजवळची गेली, तिच्याजवळची गेली. आणि घड्याळ काही थांबत नव्हतं.

पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. रांगेत त्यांचा नंबर आला, तपासणाऱ्या साहेबाने पासपोर्टसाठी हात पुढे केला आणि सोजरबाईंनी चंचीतून माझी किल्ली काढून दाखवली! साहेब किल्लीकडे बघत बसला. सर्जेरावांना दरदरून घाम फुटला. दोघांना इंग्रजीचा गंध नाही. शेवटी बोटीवरची एक हिंदी येणारी मुलगी धावत आली. सोजरबाईंनी तिला पदराचा जांभळा काठ दाखवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, की माझ्या बॅगेला असला काठ बांधलाय. जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी माझ्या मुठीला बांधलेली होती ना, ओळखू यावी म्हणून.

पण ही अक्कल काय एकट्या सोजरबाईंना होती? बोटीवर निम्मी मंडळी आपल्याकडचीच. कुठे काठ, कुठे फीत, कुठे लाल गोंडा! ती मुलगी दालनात आली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच एक बॅग ओढत घेऊन गेली. तिला काठ होता, पण निळा.

"अगं बाई, ती नव्हे! मी! मी इथे आहे!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. ती गेली. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. ते दोघं परमुलखात अडकणार, तिकडे रविराज वाट बघून बघून आत जाणार, आणि सोजरबाईंना लेकाचं तोंड दोन वर्षं दिसणार नाही. आणि हे सगळं माझ्या पोटात काय आहे त्यापायी. माझा काही दोष नव्हता, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किल्ली त्या बॅगेला लागेना, तेव्हा ती मुलगी पुन्हा पळत आली. या वेळी तिने गुडघ्यावर बसून एकेक काठ बघितला. माझ्यापाशी आली. जांभळा! तिने मला उचललं आणि रांगेपलीकडे नेलं. सोजरबाई घाईघाईत किल्ली उलटीच घालत होत्या. सर्जेरावांनी ती लावली. शालू बाजूला पडला, साड्या जमिनीवर गेल्या आणि तळातून दोन पासपोर्ट निघाले. सोजरबाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

"आता रडू नगं, पळ!" साड्या आणि शालू माझ्यात कोंबत सर्जेराव म्हणाले.

बाहेर गाडीवाला वाट बघून वैतागला होता. गाडी सुसाट निघाली. विमानतळावर सर्जेराव मला पट्ट्याने ओढत धावत सुटले आणि तिथेच माझं चाक निखळलं. मी फरशीवर खरडत, किंचाळत चालले होते. खिडकीशी पोचलो तेव्हा तिथली बाई घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवत होती. आमच्यामागोमाग आलेल्या गाडीवाल्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, की सामान घेणं बंद झालंय. दोघंच पळालात तर कदाचित विमान मिळेल. बॅगेसकट जायचं तर उद्या.

सर्जेराव घुटमळले. "अगं, तुजा शालू हाय त्यात."

सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभराचं सगळं ठेवणं त्या माझ्यात ठेवत आल्या होत्या. मला वाटलं, त्या मला कवटाळतील.

"ऱ्हाऊ द्या तिला हितंच," त्या म्हणाल्या. "प्वार जाईल माझं."

आणि नवऱ्याचा हात धरून त्या पळाल्या.

गाडीवाल्याने मला त्याच्या ऑफिसात नेऊन एका कोपऱ्यात टाकलं. शेजारी मोडक्या छत्र्या आणि रिकामी खोकी होती. तिथे मी किती दिवस होते कोण जाणे. दार उघडलं की वाटायचं, आता मला कचऱ्यात टाकणार. पण खरं सांगू का, त्या भीतीपेक्षा दुसरीच एक भीती मला जास्त छळायची. भेट झाली का? नसली झाली तर सोजरबाई माझं तोंडही बघणार नाहीत. कुणाला विचारणार मी?

शेवटी पुण्याची काही मंडळी परत निघाली, त्यांच्याबरोबर मला पाठवलं गेलं. कोथरूडच्या ऑफिसात मी पोचले आणि दुसऱ्याच दिवशी सोजरबाई स्वतः न्यायला आल्या. श्रीनिवासांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"काय वहिनी, पुरला का चिरंजीवांचा बफर?"

सोजरबाई हसल्या नाहीत. "इमानच उशिरा सुटलं, भाऊ. उतरलो तवा त्याची आत जायची येळ झालीवती. बाकीची माणसं त्या फिरत्या पट्ट्यापाशी सामानाची वाट बघत हुबी. आमच्यापाशी सामानच न्हवतं. तशीच पळत भायेर आले. दारात हुबा होता माझा रविराज. इमानातल्या जेवणात दह्याची इवलीशी वाटी दिलीवती. ती मी खाल्ली न्हाय, हातात धरून आणली. साखरंची पुडी फोडली आन त्याच्या हातावर दही घातलं. त्यानं हात चाटला, बापाच्या पाया पडला आन गेला. दोन शबूद बी झालं न्हाईत बघा."

श्रीनिवासांनी चहा पुढे सरकवला.

सोजरबाईंनी माझ्या मुठीवर हात ठेवला. "हिला टाकली म्हणून घावला. हिच्यासाठी पट्ट्यापाशी थांबले असते, तर पाठमोरा बी दिसला नसता."

मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मीही म्हणते. मला ओलीत ठेवू नका, जमलं तर चाक बसवून घ्या. पासपोर्ट अंगावर ठेवा, आणि बोट लागेल त्याच दिवशी विमान धरू नका, मधे एक दिवस मोकळा सोडा. पण एवढं करूनही कधी तशी वेळ आलीच, पलीकडे तुमचं माणूस घड्याळ बघत उभं असलं आणि मी काही ओढली जात नसले, तर मला तिथेच सोडा. मी घाबरेन. खूप घाबरेन. तरी तुम्ही पळा.