चिमट्यांच्या पिशवीमागची गाठ

मी एक जुनी दोरी आहे. मित्रांनो, माणसांची एक गंमत सांगते. जाड असेल तर ती 'तो दोर' म्हणतात आणि बारीक असेल तर 'ती दोरी'. मी मधली, मोठ्या माणसाच्या करंगळीएवढी जाड. कारखान्यात माझ्या वेटोळ्यावर 'दोर' असा कागद चिकटवला होता. पण ज्या रंगाऱ्यांनी मला विकत घेतले त्यांनी पहिल्याच दिवशी मला खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "चल गं बाई, कामाला." तेव्हापासून मी दोरीच.

कारखान्यातले फारसे आठवत नाही. आठवतो तो पीळ. तीन सुटे पेड एका बाजूने यंत्रात शिरले आणि एकमेकांना इतके घट्ट बिलगून बाहेर आले की आपण कधी तीन होतो हेच विसरून गेले. आमच्या कुळाचे बळ म्हणतात ते एवढेच. एकटा पेड कुणाच्याही झटक्याने तुटेल. तिघे मिळून माणूस पेलतात.

मी खरोखरच माणूस पेलला. उंच भिंती रंगवताना रंगारीबाबा माझ्या आणि माझ्या एका जोडीदारणीच्या आधाराने फळी टांगून बसत. खाली पाहिले की भोवळ यावी अशा उंचीवर ते शीळ घालत. माझ्या अंगावर आजही ते डाग आहेत: कुठे शाळेचा पिवळा, कुठे दवाखान्याचा फिका हिरवा. काम संपले की ते मला टोकापासून टोकापर्यंत मुठीतून ओढून घेत, सावकाश, डोळे मिटून. त्यांची लहान मुलगी शेजारी बसून तसेच डोळे मिटायची.

"दोरी डोळ्यांनी नाही बघायची, तळव्याने बघायची," ते तिला सांगत. "कुठे इजा झालेली लागली, तर तेवढा भाग दुमडून बाहेर काढायचा आणि दोन्ही बाजूंच्या धड दोरीची गाठ मारायची. म्हणजे ओढ गाठीवर बसते. इजा झालेला भाग नुसता लोंबत राहतो."

"म्हणजे जखमेला सुट्टी," मुलगी म्हणाली.

"हं. जखमेला सुट्टी."

ती मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले, तिला दोन मुले झाली. मग नवऱ्याला दूरच्या गावी काम मिळाले आणि घर हलवायचे ठरले. निघताना रंगारीबाबांनी मला तिच्या हातात दिले. "घरात सुई, सुरी आणि दोरी असली की निम्म्या अडचणी दारातूनच परत जातात," ते म्हणाले. त्यांचे गुडघे दुखू लागले होते. फळीवर बसणे केव्हाच सुटले होते.

सामानाच्या ट्रकवर सगळ्यांत वर लोखंडी कपाट होते आणि त्याच्या कडेवरून मी ताणलेली होते. मित्रांनो, तो रस्ता मी विसरणार नाही. खड्डा आला की मी त्या कडेवर घासली जाई. वळण आले की पुन्हा. आधी एक पेड तुटला. घाटाच्या उतारावर दुसरा गेला. तिसऱ्याने एकट्याने कपाट धरून ठेवले आणि आम्ही नव्या गावात पोचलो.

मला सोडवताना त्या मुलीचा हात एका जागी थांबला. आता तिला आई म्हणायला हवे, कारण त्या घरात तिला सगळे तेच म्हणत. शाळेच्या पिवळ्या रंगाचा वाळका डाग होता, नेमक्या त्याच जागी जखम झाली होती. तिने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अरे, दोरी कापली गेलीय बघ. दोन पेड तुटलेत."

मुलांचे बाबा जिन्यात होते. त्यांच्या पाठीवर फ्रिज होता आणि नाक जवळजवळ पायरीला टेकले होते. "हो हो," ते म्हणाले, "ठेव तिथेच."

त्यांना एक अक्षरही ऐकू गेले नव्हते. मित्रांनो, हे 'हो हो' लक्षात ठेवा.

नवे घर तिसऱ्या मजल्यावर होते. गॅलरी एवढीशी, पण समोर टेकडी. आईने मला गॅलरीत कपड्यांसाठी बांधले. बांधण्याआधी जखमेचा भाग दुमडून बाहेर काढला आणि मजबूत गाठ मारली. दुमडलेला भाग गाठीखाली लोंबू लागला. "जखमेला सुट्टी," ती पुटपुटली. मग तिला वाटले, लोंबतोच आहे तर उपयोग करावा, म्हणून तिने त्यात कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवली. गाठ पिशवीच्या मागे गेली.

आई एका बेकरीत काम करू लागली. ती पहाटे जायची आणि दुपारी यायची. बाबांना गोदामात दुसरी पाळी होती. दुपारी दारात दोघांची भेट होई, किल्ली देता-घेता. "दूध आणलंय." "नळ गळतोय, वाटी ठेवलीय खाली." "धाकट्याला खोकला आहे, थंड देऊ नकोस." एवढाच त्यांचा संसार मला गॅलरीतून ऐकू येई. भांडण कधी नव्हते. भांडायलाही वेळ लागतो.

मुलांची नावे मी सांगणार नाही, कारण घरात ती कुणी वापरतच नसे. मोठी मुलगी दिसेल त्यावर चढायची, म्हणून ती खार. धाकटा गोल, जड आणि जिथे ठेवला तिथे बसून राहणारा, म्हणून तो गाठोडं.

सुट्टीच्या दिवशी मात्र चौघे मिळून बाहेर पडत. नव्या गावात ओळखीचे कुणी नव्हते. घरी बसले की दाराची घंटा वाजेल असे वाटत राही, आणि ती वाजत नसे. त्यापेक्षा टेकडी बरी. कपडे काढून, पिशवी उतरवून आई मला पाठपिशवीत भरत असे, आणि मला बांधणेही तिचेच काम असे. माझ्यावर ताडपत्री ताणून ते सावली करत. माझा झोपाळा करत. एकदा गाठोडं चिखलात रुतले, तेव्हा त्यालाही मीच ओढून काढले. बूट मात्र तिथेच राहिला. "काय दोरी आहे," बाबा म्हणाले होते, आणि मी फुशारले होते. पण प्रत्येक झोक्याला माझे लक्ष त्या गाठीकडे असे. गाठ होती तोवर मी धड होते.

खारीच्या वर्गात टेकडीमागच्या डोहाची फार चर्चा असे. ज्यांनी डोह पाहिला ती मुले एका बाकावर बसत. "सगळ्यांनी बघितलाय, मी एकटीनेच नाही," ती रोज म्हणायची. डोहाकडे जाणारी वाट लांबून होती. जवळची वाट म्हणजे एक मुरमाड उतार, दोन मजली घराएवढा उंच, आणि खाली दगडांचा ओढा.

"दोरी आहे ना आपल्याकडे," बाबा म्हणाले.

त्या सकाळी आई बेकरीतून जादा काम करून आली होती आणि दाराशीच बूट घालून पेंगत होती. सामान बाबांनी भरले. मित्रांनो, गोदामात दिवसभर खोकी एका रेषेत रचणाऱ्या माणसाला वेडीवाकडी वस्तू खपत नाही. त्यांनी कपडे उतरवले, चिमट्यांची पिशवी काढली, आणि त्यांना माझी गाठ दिसली.

"पिशवीसाठी एवढी गाठ?" ते स्वतःशीच हसले. "ही रंगाऱ्याची लेक गाठ मारते की कुलूप लावते."

त्यांनी नखांनी प्रयत्न केला. मग दातांनी. गाठ चांगली होती, पटकन सुटली नाही. मी जमेल तेवढी आखडले. पण शेवटी ती सुटली. बाबांनी मला सरळ ताणले, समाधानाने पाहिले, आणि पद्धतशीर वेटोळे केले. पिवळ्या डागावरून त्यांचा अंगठा गेला. खरखरीत लागले, ते त्यांना रंगाचे वाटले.

मला बोलता येत असते तर? पण आम्हाला तोंड नसते, नुसती टोके असतात.

उताराच्या वर एक जुने झाड होते. बाबा मुळांना धरून आधी खाली उतरले आणि ओढ्याच्या काठावर उभे राहिले. आईने माझे एक टोक खारीच्या कमरेला बांधले, झाडाच्या खोडाला माझा एक वेढा दिला आणि दुसरी बाजू आपल्या हातात घेतली. एरवी तिने मला आधी मुठीतून ओढून पाहिले असते. पण गाठोडं पाणी मागत होते, बिस्किटे मागत होते, आणि सगळे एकदम मागत होते.

"दोरी बघितलीस ना?" तिने वरून विचारले.

"हो हो," बाबा खालून म्हणाले.

खार पाठमोरी उतरू लागली. आई मला हातभर सोडायची, थांबायची, पुन्हा हातभर सोडायची. तिच्या मनात हिशोब स्पष्ट होता: गाठ हाताला लागली, की खार निम्म्यावर आली. ती गाठीची वाट पाहत होती. मीही मोजत होते, पण मला ठाऊक होते की आता गाठ येणार नाही. पिवळा डाग येणार. तो वेटोळ्यातून वर उठला, आईच्या गुडघ्यापाशी आला, आणि तिच्या मुठीत शिरला.

तिचा हात थांबला. तिने डोळे मिटले, जसे लहानपणी मिटायची. तळव्याने पाहिले.

"अरे," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "गाठ कुठे गेली?"

"कुठली गाठ?"

"पिशवीची."

"ती? सोडली मी सकाळी."

त्याच वेळी खारीच्या पायाखालचा मुरूम सरकला. मला असा हिसका बसला की मी आईचे तळवे भाजत पुढे धावले. जखम तिच्या मुठीतून निसटली आणि हात व झाड यांच्या मध्ये आली. खारीचा सगळा भार त्या उरलेल्या एका पेडावर आला. मित्रांनो, पीळ उलगडताना कसे वाटते हे मला शब्दांत सांगता येणार नाही. एक तंतू गेला. आणखी एक गेला. पुष्कळसे एकदम गेले.

आई पुढे झेपावली. जखमेच्या पलीकडे, झाडाच्या बाजूला जो धड भाग होता तो तिने डाव्या हाताने पकडला, आणि लगेच उजवा हातही तिथेच आणला. तेवढ्यात मी तुटले. आवाज मोठा नव्हता, वाळकी काटकी मोडावी तेवढाच. मी जिथे संपले तिथून आई सुरू झाली.

तिचे पाय मातीत सरकू लागले.

"गाठोड्या," ती म्हणाली, "माझ्या पायांवर बस."

"कशाला?"

"जड हो आणि बस."

तो बसला. मांडी घालून, बिस्किटाच्या पुड्यासकट बसला. "बसलो," तो म्हणाला. पाय सरकायचे थांबले.

"मला वर घे ना," खार उतारावरून म्हणाली. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वर नाही घेता येत, राणी. हलू नकोस. बाबा येतायत."

बाबा मुळे धरून वर चढत होते. एक मूळ हातात उपटून आले. ते घसरले, कोपर फुटले, पुन्हा चढले. आईच्या बोटांतून मी तसूतसूने निसटत होते. झाडाचा वेढा मला धरत होता, आई मला धरत होती, गाठोडं आईला धरत होते.

"डावा पाय खाली घे," बाबांचा आवाज आला. "अजून. तो माझा खांदा आहे. आता उजवा. घाबरू नकोस, मला लागत नाही."

आणि माझ्यावरचा भार गेला.

बाबा आणि खार लांबच्या वाटेने वळसा घालून वर आले. तोवर आई तशीच उभी होती, मूठ मिटून. बाबांनी तिची बोटे एकेक करून उघडली. तळव्यांची सालटी निघाली होती.

"मला वाटलं, पिशवीसाठी मारलीय," ते म्हणाले.

"सांगितलं होतं मी. आलो त्या दिवशी. जिन्यात."

"जिन्यात माझ्या पाठीवर फ्रिज होता गं."

"मला माहीत होतं." आई खाली बसली. "मग म्हटलं, निवांत सांगू. निवांत कधी झालंच नाही."

मग आईने खारीला जवळ ओढले. "डोह दिसला का तुला?"

"दिसला," खार म्हणाली. "छोटासाच आहे."

मित्रांनो, आज माझे दोन तुकडे आहेत. लहान तुकड्यावर खार उड्या मारते. मोठा तुकडा गॅलरीत कपडे वाळवतो. माणसाचा भार माझ्यावर कुणी टाकत नाही, आणि ते योग्यच आहे. सहलीसाठी नवी दोरी आली आहे. तिला निघण्यापूर्वी चौघेही मुठीतून ओढून पाहतात, डोळे मिटून. गाठोडं तर दोनदा पाहते.

माझे म्हणणे फार नाही. आम्हा वस्तूंना वापरा, पण अधूनमधून हात फिरवून विचारा, कुठे दुखते का. आणि कुठे गाठ दिसली, तर ती नीटनेटकी नाही म्हणून सोडवू नका. आधी विचारा, कुणी मारली आणि कशासाठी. गाठ मारणाऱ्याला बरेचदा काहीतरी सांगायचे असते आणि समोरच्याच्या पाठीवर फ्रिज असतो.

आता या घरात एक रीत पडली आहे. ज्याला काही सांगायचे असेल, पण वेळ मिळत नसेल, त्याने माझ्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची. आज दुपारी बाबा ओला टॉवेल वाळत घालायला आले, तेव्हा तिथे एक छोटी, ओबडधोबड गाठ होती. सवयीने त्यांची नखे तिच्याकडे गेली आणि मध्येच थांबली.

त्यांनी टॉवेल कठड्यावर टाकला आणि आत वळून विचारले, "ही कुणाची?"

"माझी," खार म्हणाली. "आईलाही बोलवा. आणि तुम्ही बसा आधी."

बाबांनी घड्याळाकडे पाहिले. पाळीची वेळ होत आली होती. ते बसले.