आईने बंद केलेला गजर
"पोरांची झोप तुम्ही उडवायची आणि वर माझ्याच लेकीला आळशी म्हणायचं?" आईने कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांना तोंडावर विचारलं.

त्या सकाळी लेक पुस्तकावरच मान टाकून झोपली होती. एक तास बुडाला म्हणून आभाळ कोसळत नाही, असं म्हणून आईने गजर बंद केला. नेमकी तेव्हाच प्रात्यक्षिक परीक्षा होती, ती हुकली.

"आई, पुरे ना," लेक तिची बाही ओढत पुटपुटली.

"पहिली येणारी मुलगी, आणि तिला गजर ऐकू येत नाही होय?" विभागप्रमुख हसले. "फेरपरीक्षा मिळणार नाही."

"गजर मी बंद केला, शिक्षा मला करा. पण हे वेळापत्रक तुम्हीच भिंतीवर लावलंय ना? मग बोट ठेवून दाखवा, पोरीने झोपायचं कधी?"